तीन प्रती, एक क्रम

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी एका वित्तसंस्थेच्या संगणकप्रणालीवर काम करत होतो. एखादे यंत्र बंद पडले तरी व्यवहार थांबू नये, म्हणून खात्यांच्या नोंदींच्या प्रती आम्ही तीन यंत्रांवर ठेवल्या होत्या. एका सकाळी एकाच खात्याची शिल्लक दोन यंत्रांवर वेगळी दिसली. आकडे सोपे करून सांगतो. मूळ शिल्लक १,००० रुपये. ५०० रुपयांचा भरणा आणि दहा टक्के व्याज असे दोन निरोप एकाच सुमारास निघाले. ज्या यंत्राला भरणा आधी मिळाला तिथे १,६५० झाले, ज्याला व्याज आधी मिळाले तिथे १,६००. यंत्र बिघडले नव्हते, निरोप हरवला नव्हता. फक्त क्रम चुकला होता.

आमची प्रणाली कॉर्बावर उभी होती. ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या उद्योगसंघाने १९९१मध्ये आणलेले हे मानक. ऑब्जेक्ट म्हणजे आपली माहिती आणि ती हाताळायच्या क्रिया एकत्र बाळगणारा आज्ञावलीचा घटक. तो कुठल्या यंत्रावर आहे, कुठल्या भाषेत लिहिला आहे याची फिकीर न करता त्याला हाक मारावी; मधला दुवा, म्हणजे मिडलवेअर, ती पोचवतो. पण ही हाक एकाने एकालाच मारायची. ‘तिघांनाही पोचव, आणि तिघांना एकाच क्रमाने’ असे सांगण्याची सोय त्यात नव्हती.

ती विद्या अन्यत्र तयार होती. कॉर्नेल विद्यापीठात केन बर्मन यांच्या ‘आयसिस’ प्रणालीने ऐंशीच्या दशकातच यंत्रांचे गट बांधून दाखवले होते. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारानेही ती वापरली. प्रश्न होता, ती कॉर्बात बसवायची कुठे? सिल्वानो माफेइस यांच्या ‘इलेक्ट्रा’ने ती मिडलवेअरच्या पोटातच घातली. लोझानच्या संशोधकांनी ती शेजारी एक वेगळी सेवा म्हणून ठेवली. सांता बार्बाराच्या ‘एटर्नल’ने मात्र खालून सुरुंग लावला: मिडलवेअरमधून निघालेले निरोप वाटेतच अडवून ‘टोटेम’ या गटसंदेश-यंत्रणेकडे वळवले. ना ऑब्जेक्टला पत्ता, ना मिडलवेअरला. मला ही तिसरी युक्ती सर्वांत चतुर वाटते, थोडी लबाडही.

टोटेममध्ये यंत्रांच्या कड्यातून एक टोकन फिरते. हरिनाम सप्ताहात वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, तसे. टोकन ज्याच्याकडे, त्यानेच बोलायचे आणि प्रत्येक निरोपाला पुढचा क्रमांक द्यायचा. मधला क्रमांक आला नसेल तर तो पुन्हा मागवतात; तोवर पुढचे निरोप खोळंबतात. टोकनच हरवले तर उरलेली यंत्रे नवे कडे बांधतात. इथेच खरी मेख आहे. गप्प झालेले यंत्र मेले आहे की नुसतेच रेंगाळले आहे, हे बाहेरून खात्रीने कळत नाही. ठरावीक वेळ वाट पाहायची आणि त्याला गटाबाहेर काढायचे, एवढेच हाती असते. जिवंत यंत्र चुकून बाहेर पडलेच, तर परत येताना त्याला इतरांकडून ताजी स्थिती उतरवून घ्यावी लागते.

आणखी एक गंमत. तिन्ही प्रती एकच काम करत असल्याने तिघीही पुढच्या ऑब्जेक्टला ‘५०० रुपये वजा कर’ असे सांगतात. म्हणून तिघींच्या मागणीवर एकच ओळखक्रमांक घालतात; पहिली मागणी स्वीकारायची, बाकीच्या टाकून द्यायच्या.

आम्ही एवढा खटाटोप केला नाही. सर्व निरोपांना क्रमांक देणारे एकच यंत्र नेमले. ते बंद पडले की सगळेच थांबे, पण शिल्लक जुळू लागली. काही आठवड्यांनी ती पुन्हा फुटली. निरोपांचा क्रम तिन्हीकडे अगदी सारखा होता. व्याजाची तारीख मात्र प्रत्येक प्रत आपापल्या यंत्राच्या घड्याळातून घेत होती, आणि मध्यरात्री एका यंत्राचे घड्याळ काही सेकंद मागे होते. त्यानंतर आम्ही तारीख आणि वेळ निरोपातच लिहून पाठवू लागलो.