भ्रमणध्वनी व घरगुती दूरध्वनी यंत्राची जोडणी : तत्त्व, साधने आणि मर्यादा

प्रस्तावना :
भारतातील पहिले भ्रमणध्वनी संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता व दिल्ली यांच्या दरम्यान झाले. पुढे भ्रमणध्वनीचा प्रसार होत गेला आणि असंख्य घरांतील तारेची जोडणी बंद झाली. तथापि दृष्टी वा श्रवण मंदावलेल्या ज्येष्ठांना मोठ्या बटणांचे, खणखणीत घंटीचे जुने यंत्रच सोयीचे वाटते. ते भ्रमणध्वनी सेवेवर चालविता येईल काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तत्त्व :
ही दोन्ही जाळी एक्स्चेंजच्या पातळीवर परस्परांशी जोडलेलीच असतात. घरात मात्र ती सरळ जोडता येत नाहीत. जुन्या यंत्रास एक्स्चेंजकडून सुमारे ४८ व्होल्टचा एकदिश दाब, घंटीसाठी सुमारे ७५ व्होल्टचा प्रत्यावर्ती दाब आणि डायल टोन तारेतूनच मिळतो. भ्रमणध्वनी यांपैकी काहीही पुरवीत नाही. म्हणून एक्स्चेंजचे कार्य घरातच करणारे मध्यस्थ उपकरण आवश्यक ठरते.

साधने :
अशी उपकरणे मुख्यतः दोन प्रकारची आहेत.
१) ब्लूटूथ उपकरण : हे भ्रमणध्वनीस हेडसेटप्रमाणे भासते. भ्रमणध्वनीवर आलेला कॉल जुन्या यंत्रावर वाजतो. मात्र भ्रमणध्वनी जवळपास असावा लागतो.
२) सिमकार्डयुक्त उपकरण : यात स्वतंत्र सिमकार्ड बसविले जाते. त्यामुळे भ्रमणध्वनीची गरज राहत नाही व घरासाठी एक कायम क्रमांक मिळतो.

दक्षता व मर्यादा :
घरातील जुन्या वायरिंगला उपकरण जोडण्यापूर्वी एक्स्चेंजकडून येणारी तार रोझेटमधून सोडविणे अत्यावश्यक आहे. अन्यथा दोन दाब एकत्र येऊन उपकरण निकामी होऊ शकते. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. तांब्याच्या तारेवरील साध्या यंत्रास एक्स्चेंजमधील बॅटरीचा पुरवठा असे. त्यामुळे घरातील वीज गेली तरी ते चालू राही. मध्यस्थ उपकरण घरच्या विजेवर चालते. ती खंडित झाल्यास, बॅटरीची सोय नसेल तर, आणीबाणीच्या क्षणीच यंत्र मूक होते.

निष्कर्ष :
सारांश, जुने यंत्र भ्रमणध्वनी सेवेवर चालविणे शक्य व उपयुक्त आहे. परंतु तारेच्या दूरध्वनीची विश्वासार्हता त्या यंत्रात नव्हे, तर एक्स्चेंजच्या वीजपुरवठ्यात होती. म्हणून एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी असे उपकरण बसविताना बॅटरीची तरतूद हा जोडणीचाच अविभाज्य भाग मानला पाहिजे.