लेकीचा वाटा आणि भावाचा कागद

आमच्या धाराशिव जिल्ह्यात सासरी गेलेल्या बहिणीला माहेरचा निरोप येतो तो बहुधा पंचमीला, नाही तर दिवाळीला. परंतु वडिलांचे दिवस उरकल्यावर आणखी एक निरोप येतो. "आधारकार्ड आणि दोन फोटो घेऊन ये, तालुक्याला सही करायची आहे." बहीण येते, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत अंगठा उठविते, भाऊ साडीचोळी करतो आणि संध्याकाळच्या गाडीने ती परत जाते. कागद कसला होता असे विचारले तर ती म्हणते, "वारसाचा काहीतरी होता." तो कागद वारसाचा नसतो, वारसा सोडल्याचा असतो. कायद्याने या बाईला काय दिले आणि त्या अंगठ्याने ती काय देऊन बसते, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ रोजी अमलात आला. तेव्हा आमचा जिल्हा हैदराबाद राज्यातच होता; मुंबई राज्यात आपण आलो ते पुढे साडेचार महिन्यांनी, १ नोव्हेंबरला. हा कायदा हिंदूंबरोबर बौद्ध, जैन व शीख यांनाही लागू आहे. मुसलमानांचा वारसा त्यांच्या व्यक्तिगत कायद्याने चालतो. वडिलांनी स्वतः कमावलेल्या मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा या कायद्याने पहिल्या दिवसापासून दिला. अडचण होती ती वडिलोपार्जित जमिनीची. तीत मुलगा जन्मतःच वाटेकरी. मुलगी मात्र नव्हे. बापाच्या पदरी जो वाटा येईल, तेवढ्यातच तिला हिस्सा.

उदाहरणाशिवाय हे उमजायचे नाही. अठरा एकर वडिलोपार्जित जमीन आहे असे धरू. घरात वडील, एक मुलगा, दोन मुली. आई आधीच वारलेली. (आई हयात असेल तर तिचाही वाटा धरावा लागतो आणि आकडे बदलतात.) जुन्या नियमाने वडील गेले की प्रथम बाप-लेकांची मनातल्या मनात वाटणी करायची, नऊ-नऊ एकर. मग बापाचे नऊ तिघा मुलांत, तीन-तीन. म्हणजे मुलाला बारा एकर, मुलींना तीन-तीन. त्यातही बापाने आपल्या हिश्श्याचे मृत्युपत्र मुलाच्या नावे केले असेल तर मुलींच्या हाती काहीच नाही.

ही विषमता दूर करण्यास आधी राज्ये पुढे झाली, आणि येथे एक गंमत आहे. निजामाच्या मराठी, कानडी व तेलुगू मुलखाची १९५६ साली तीन राज्यांत वाटणी झाली होती. तेलंगण ज्या आंध्रात गेले तेथे मुलगी ५ सप्टेंबर १९८५ पासून जन्मतः वाटेकरी ठरली. महाराष्ट्रात तो दिवस उजाडला २२ जून १९९४ रोजी. बिदर-गुलबर्गा ज्या कर्नाटकात गेले तेथे त्याच वर्षी ३० जुलैला. एका राजवटीखाली नांदलेल्या लेकींना तीन निरनिराळ्या तारखांनी हक्क मिळाला!

मात्र तिन्ही कायद्यांत एकच मेख होती. त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुलीला हा हक्क नाही. महाराष्ट्राचा कायदा जूनच्या अखेरीस आला, म्हणजे ऐन लग्नसराई आटोपल्यावर. आता आपल्या घरातली थोरली मे १९९४ मध्ये उजवली आणि धाकटीचे लग्न पुढच्या साली झाले असे समजा. वडील २००० साली वारले. बाप, मुलगा आणि धाकटी असे तीन वाटेकरी, सहा-सहा एकर. बापाचे सहा पुन्हा तिघांत, दोन-दोन. मुलाला आठ, धाकटीला आठ आणि थोरलीला दोन! जुन्या नियमाने तिला तीन तरी मिळाले असते. सुधारणेच्या कायद्याने तिचा एक एकर गेला. सुधारणा करणाऱ्यांनी हा हिशेब मांडून पाहिला होता की नाही, कोण जाणे.

संसदेने ९ सप्टेंबर २००५ पासून ही मेख काढली. लग्न केव्हाही झालेले असो, मुलगी मुलासारखीच जन्मतः वाटेकरी. आता चौघांना साडेचार-साडेचार, बापाचे साडेचार तिघांत, प्रत्येकी दीड; अखेर सहा, सहा आणि सहा. बापाने मृत्युपत्र केले तरी तिच्या साडेचारांना हात लागत नाही. राहत्या घराची वाटणी मुलींनी मागू नये, हे जुने कलमही त्याच वेळी गेले.

तरीही, २००५ पूर्वीच वडील वारले असतील तर काय, हा वाद पंधरा वर्षे चालला. विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी तो मिटविला. हक्क जन्माने आहे, म्हणून त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही. फक्त २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने वा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी, तसेच त्यापूर्वी झालेली खरेदीविक्री, मोडता येत नाही. आमच्याकडचे भाऊ हमखास सांगतात ती "अण्णांनी तोंडी वाटणी करून दिली होती" ही सबब न्यायालयाने सहसा ऐकू नये असे ठरविले. सरकारदप्तरी तिचा भक्कम पुरावा असेल तरच ती चालते.

एवढे सगळे मिळाल्यावर ते जाते कोठे? त्या साडीचोळीच्या दिवशी जाते. हक्कसोड बेकायदेशीर नाही. बहिणीची शेती तिकडे बागायती आहे, भाऊ येथे कोरडवाहू सोयाबीनवर घर ओढतो आहे, म्हणून तिने समजून-उमजून हक्क सोडला तर त्यात वावगे काय? आमची हरकत न समजता केलेल्या सहीला आहे. दस्त वाचून घ्यावा, त्यात गट नंबर कोणते हे पाहावे. सोडायचाच तर सगळा सोडावा असेही नाही. मोबदला घेऊन सोडता येतो आणि तो दस्तात लिहिता येतो. नोटरीपुढे स्टॅम्पपेपरवर लिहून दिलेल्या कागदाने जमिनीवरचा हक्क जात नाही, दस्त नोंदवावाच लागतो. फसवून सही घेतली असेल तर फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो.

दुसरी वाट तलाठ्याच्या दप्तराची. वारसनोंद करताना मुलींची नावे कधी कधी सांगितलीच जात नाहीत. फेरफाराची नोटीस निघाल्यावर हरकतीला पंधरा दिवस असतात. पण उमरग्याची लेक पुण्याला दिलेली असेल तर गावच्या चावडीवरची नोटीस ती वाचणार केव्हा? तिने घाबरू नये. सातबारा हा महसुलाचा कागद आहे. त्यावर नाव नाही म्हणून मालकी बुडत नाही. तरी जमीन विकली गेल्यावर भांडण्यापेक्षा वर्षातून एकदा माहेरचा सातबारा काढून पाहणे स्वस्त पडते, आणि आता तो मोबाईलवरही दिसतो.

बायका हक्क मागत नाहीत त्याचे कारण अज्ञान हे एकच नव्हे. वाटा मागितला तर माहेर तुटेल ही भीती खरी आहे. ती ज्यांनी पाहिली नाही त्यांनीच तिला हसावे. भावांचीही एक भीती असते, की जमीन परक्या कुळात जाईल. मुले असतील तर ती तिच्या मुलांकडे जाणारच. मामाची भाची-भाचरे परकी कशी, हे आम्हांस कळत नाही. पण ती निपुत्रिक आणि मृत्युपत्र न करता वारली, तर आईबापांकडून वारशाने आलेली मिळकत नवऱ्याकडे वा सासरकडे न जाता तिच्या वडिलांच्या वारसांकडे परत येते. हे कलम १९५६ पासून त्याच कायद्यात आहे.