डेटाबेसमधून आवश्यक तेवढेच रकाने निवडण्याचे महत्त्व : महाविद्यालयीन विद्यार्थी नोंदींच्या संदर्भात

प्रस्तावना :
नांदेड येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १७ सप्टेंबर १९९४ रोजी झाली. नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. येथील महाविद्यालयांतही प्रवेश, परीक्षा व शिष्यवृत्तीच्या नोंदी आता संगणकावर ठेवल्या जातात. या नोंदींतून माहिती मागविण्याची योग्य पद्धत प्रस्तुत लेखात स्पष्ट केली आहे.

संकल्पना :
ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये संबंधात्मक डेटाबेसची संकल्पना मांडली. टेबलमधील मोजकेच रकाने वेगळे काढण्याच्या क्रियेस त्यांनी 'प्रोजेक्शन' म्हटले. एसक्यूएल भाषेत 'सिलेक्ट' या शब्दापुढे रकान्यांची नावे लिहिल्यास ही क्रिया घडते. नावांऐवजी तारांकन लिहिल्यास सर्वच रकाने येतात.

कार्यक्षमता :
परीक्षेच्या बैठक व्यवस्थेसाठी केवळ बैठक क्रमांक व नाव लागते. विद्यार्थी २,००० असून प्रत्येकाचे ५० केबीचे छायाचित्र त्याच टेबलमध्ये आहे, असे गृहीत धरल्यास तारांकनामुळे छायाचित्रांचीच सुमारे १०० एमबी माहिती विनाकारण वाहून आणली जाते. क्रमांक व नाव यांस मिळून प्रत्येक विद्यार्थ्यामागे १०० बाइट धरले तरी एकूण २०० केबी पुरतात.

तथापि, रकाने कमी केले म्हणजे डिस्कवरील वाचन त्याच प्रमाणात घटते, असे नाही. मायएसक्यूएल व पोस्टग्रेएसक्यूएल या प्रणाली एका विद्यार्थ्याची नोंद सामान्यतः सलग ठेवतात आणि संपूर्ण पान वाचतात. मोठी छायाचित्रे मात्र बहुधा स्वतंत्र पानांवर असतात. ती मागितली नाहीत तर ती पाने वाचावी लागत नाहीत. मागितलेले सर्व रकाने इंडेक्समध्येच असल्यास मूळ टेबलकडे जाण्याची गरजही बहुधा उरत नाही.

गोपनीयता :
वेगापेक्षाही महत्त्वाचा प्रश्न विद्यार्थ्याच्या खाजगी माहितीचा आहे. तारांकनाने काढलेल्या यादीत जात, आधार क्रमांक, पालकांचे उत्पन्न व भ्रमणध्वनी क्रमांकही येतात, आणि तीच यादी विभागांमध्ये फिरू शकते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही संमतीची व्याप्ती नमूद उद्देशासाठी आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती मर्यादित आहे.

निष्कर्ष :
क्वेरी लिहिण्यापूर्वी 'ही यादी कशासाठी हवी?' हे निश्चित करावे व त्यानुसारच रकान्यांची नावे लिहावीत. प्रात्यक्षिकांच्या तासिकांपासूनच ही सवय लावल्यास संगणकावरील भार कमी होईल व विद्यार्थ्यांची खाजगी माहितीही अधिक सुरक्षित राहील.