बाळ पायाळू आहे असं नवव्या महिन्यात कळलं तर? सिझर, नॉर्मल की बाळ फिरवणं, निर्णय असा घ्या

वणीसारख्या गावात पहिलं बाळंतपण अजूनही बहुतेक वेळा माहेरीच होतं. लेक पुण्यात असो की नागपुरात, सातवा-आठवा महिना लागला की ती माहेरी येते. इथल्या डॉक्टरांकडे नाव नोंदवलं जातं, नव्याने सोनोग्राफी होते आणि कधीकधी रिपोर्टवर एक शब्द दिसतो, 'ब्रीच'. डॉक्टर सांगतात, "बाळाचं डोकं वर आहे. थोडे दिवस बघू, नाही फिरलं तर सिझर करावं लागेल."

घरी आल्यावर प्रत्येकाचं मत वेगळं. आजी म्हणते, पायाळू आहे म्हणजे भाग्याचं आहे. काका म्हणतात, डॉक्टरांना सिझरच करायचं असतं. शेजारची मावशी एका बाईचं नाव सांगते, जी पोट चोळून बाळ सरळ करून देते. व्हॉट्सॲपवर तोवर व्यायामाचे चार व्हिडिओ येऊन पडलेले असतात. आणि हातात वेळ असतो फक्त तीन-चार आठवड्यांचा.

या तीन-चार आठवड्यांत कोणता निर्णय घ्यायचा आणि तो कशाच्या जोरावर?

पायाळू म्हणजे नेमकं काय?

पायाकडून जन्मलेल्या मुलाला मराठीत 'पायाळू' म्हणतात. पायाळू माणसाने पाठीला पाय लावला की उसण जाते, त्याला जमिनीतलं पाणी किंवा गुप्तधन दिसतं, त्याच्यावर वीज पडते, अशा समजुती गावोगावी आहेत. त्यात तथ्य नाही, पण एक गोष्ट कळते. अशी बाळंतपणं आपल्याकडे पूर्वीपासून होत होती आणि ती वेगळी आहेत हे लोकांना माहीत होतं. सुश्रुत संहितेत 'मूढगर्भ' या विषयात बाळ अडण्याचे प्रकार दिलेत. ढुंगणाकडून येणारं बाळ कसं सोडवायचं तेही तिथं आहे.

डॉक्टर याचे तीन प्रकार मानतात. पहिल्यात बाळाचं ढुंगण खाली असतं आणि पाय सरळ वर, तोंडाजवळ गेलेले असतात. हा सगळ्यात जास्त आढळतो. दुसऱ्यात बाळ मांडी घातल्यासारखं बसलेलं असतं. तिसऱ्यात एक किंवा दोन्ही पाय सगळ्यात खाली असतात. तिसरा प्रकार जास्त जोखमीचा आहे.

सातव्या महिन्यात, म्हणजे २८ व्या आठवड्याच्या सुमारास, चार-पाचपैकी एक बाळ उलटं असतं. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं, कारण बहुतेक बाळं पुढे आपोआप फिरतात. दिवस भरेपर्यंत हे प्रमाण १०० मध्ये ३ ते ४ वर येतं. म्हणून खरा प्रश्न ३६ व्या आठवड्यात सुरू होतो. त्यानंतर पहिलटकरणीचं बाळ आपोआप फिरण्याची शक्यता १०० मध्ये ८ च्या आसपास उरते.

बाळ उलटं का राहतं? गर्भाशयातलं पाणी कमी किंवा जास्त असणं, वार खाली असणं, गर्भाशयाचा आकार वेगळा असणं, फायब्रॉइडची गाठ, जुळी बाळं ही काही कारणं आहेत. बऱ्याचदा कारण सापडतच नाही. आई कोणत्या कुशीवर झोपली किंवा काय खाल्लं, यामुळे बाळ उलटं होत नाही. त्यामुळे सुनेला किंवा लेकीला बोल लावण्यात अर्थ नाही.

मग धोका कशात आहे?

बाळाच्या शरीराचा सगळ्यात मोठा आणि कडक भाग म्हणजे डोकं. नेहमीच्या बाळंतपणात डोकं आधी येतं. तासन् तास चाललेल्या कळांमध्ये ते वाटेच्या आकाराला जुळवून घेतं आणि एकदा ते बाहेर आलं की बाकीचं शरीर सहज येतं.

पायाळू बाळाचं उलट होतं. पाय, कंबर, छाती बाहेर येते आणि सगळ्यात मोठा भाग शेवटी राहतो. गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडलेलं नसेल तर डोकं अडकू शकतं. त्या वेळी नाळ दबलेली असते आणि हातात मोजकी मिनिटं असतात. दुसरा धोका नाळ आधी बाहेर घसरण्याचा. डोकं खाली असेल तर ते बुचासारखं काम करतं. पाय खाली असले की मोकळी जागा राहते आणि पाणी फुटल्यावर नाळ तिथून खाली येऊ शकते.

सिझरचा सल्ला सगळीकडे का दिला जातो?

त्यामागे एक मोठा अभ्यास आहे. २००० साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात कॅनडाच्या डॉ. मेरी हॅना आणि सहकाऱ्यांचा 'टर्म ब्रीच ट्रायल' प्रसिद्ध झाला. २६ देशांतल्या २,०८८ गर्भवतींचा त्यात समावेश होता. निम्म्यांसाठी ठरवून सिझर, तर निम्म्यांसाठी नॉर्मलचा प्रयत्न असं नियोजन होतं. बाळ दगावणं किंवा गंभीर आजारी होणं याचं प्रमाण सिझरच्या गटात १.६ टक्के, तर नॉर्मलच्या गटात ५ टक्के आलं.

याचा परिणाम लगेच दिसला. नेदरलँड्समध्ये पायाळू बाळांच्या सिझरचं प्रमाण दोनच महिन्यांत ५० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर गेलं. जगभर हेच घडलं.

पण गोष्ट इथं संपत नाही. त्याच अभ्यासातल्या काही मुलांची दोन वर्षांनी तपासणी झाली, तेव्हा मृत्यू किंवा वाढीतला मागासपणा या बाबतीत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. २००६ मध्ये फ्रान्स आणि बेल्जियममधल्या ८,१०५ गर्भवतींच्या 'प्रेमोडा' अभ्यासात, नीट निवड केली आणि अनुभवी हात असले तर दोन्ही पद्धतींचे निकाल जवळपास सारखेच आले.

अडचण अशी झाली की मधल्या काळात सगळीकडे सिझरच होऊ लागल्याने पायाळू बाळंतपण करण्याचा सराव कमी झाला. नव्या पिढीतल्या बऱ्याच डॉक्टरांनी असं बाळंतपण फार कमी वेळा केलेलं असतं. त्यामुळे एखाद्या डॉक्टरांनी "मी नॉर्मल करणार नाही" असं स्पष्ट सांगितलं, तर त्यामागे पैसाच आहे असं समजू नये. तो प्रामाणिकपणाही असू शकतो.

पर्याय १ : बाहेरून बाळ फिरवणं

हा पर्याय अनेक घरांना माहीतच नसतो. डॉक्टर पोटावर हात ठेवून, बाहेरूनच हलका दाब देत बाळाला कोलांटी मारायला लावतात. पहिलटकरणीसाठी ३६ वा आठवडा आणि आधी बाळंतपण झालेल्यांसाठी ३७ वा आठवडा ही त्याची वेळ. आधी सोनोग्राफी होते, बाळाचे ठोके तपासतात, गर्भाशय सैल पडावं म्हणून इंजेक्शन देतात. प्रयत्न काही मिनिटांचा असतो. नंतर पुन्हा ठोके बघतात.

साधारण निम्म्या वेळा यश येतं. पहिलटकरणीत १०० पैकी ४०, तर आधी बाळंतपण झालेल्यांत ६० च्या आसपास. फिरलेलं बाळ पुन्हा उलटं होणं क्वचित घडतं. दुखू शकतं, पण आई सांगेल त्या क्षणी थांबता येतं. २०० पैकी एखाद्या वेळी लगेच सिझर करावं लागतं. म्हणूनच हे फक्त ऑपरेशन थिएटर तयार असलेल्या दवाखान्यातच करतात. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनबद्दल विचारायला हवं.

वार खाली असेल, नुकताच रक्तस्राव झाला असेल, पाणी फुटलं असेल किंवा जुळी असतील तर हा प्रयत्न करत नाहीत.

आणि हो, पोट चोळून बाळ सरळ करणारी बाई हा याचा स्वस्त पर्याय नाही. तिच्याकडे सोनोग्राफी नसते, ठोके बघायचं मशीन नसतं. वार कुठे आहे हे तिला दिसत नाही. जोर चुकला आणि वार सुटली तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेततं. व्हिडिओतल्या गुडघे टेकून ढुंगण वर करण्याच्या व्यायामाने बाळ फिरतं, याला भक्कम पुरावा मिळालेला नाही.

पर्याय २ : ठरवून सिझर

बाळ फिरलं नाही तर बहुतेक ठिकाणी हाच मार्ग. तारीख साधारण ३९ वा आठवडा लागल्यावर ठेवतात, कारण त्याआधी काढलेल्या बाळांना श्वासाचा त्रास जास्त होतो. घरी मुहूर्त काढायचा असेल तर तो डॉक्टरांनी दिलेल्या दिवसांतलाच हवा. मुहूर्तासाठी बाळ दोन आठवडे आधी बाहेर काढणं योग्य नाही. ऑपरेशनच्या दिवशी पुन्हा एकदा सोनोग्राफी करून घ्यावी. शेवटच्या दिवसांत फिरलेली बाळं असतात.

बाळासाठी हा सगळ्यात सुरक्षित पर्याय आहे. ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, ३९ आठवड्यांनंतर ठरवून केलेल्या सिझरमध्ये बाळ दगावण्याचं प्रमाण २,००० मध्ये १, पायाळू नॉर्मलमध्ये ५०० मध्ये १, आणि डोकं खाली असलेल्या नॉर्मल बाळंतपणात १,००० मध्ये १ असं आहे. हे आकडे तिथल्या दवाखान्यांचे आहेत, पण तुलना समजायला उपयोगी पडतात.

किंमत मात्र आईला मोजावी लागते. पोटावर शस्त्रक्रिया, सावरायला जास्त दिवस, आणि पुढच्या गरोदरपणात व्रणाची जोखीम. पुढच्या वेळी वार जुन्या व्रणावर चिकटण्याचा धोका प्रत्येक सिझरनंतर वाढतो. तीन-चार मुलांचा विचार असणाऱ्या जोडप्याने हे आधीच लक्षात घ्यावं. तरीही 'एकदा सिझर म्हणजे कायम सिझर' हे खरं नाही. पुढच्या वेळी नॉर्मलचा प्रयत्न करणाऱ्या चारपैकी जवळपास तिघींना ते जमतं, पण तेही सोयी असलेल्या दवाखान्यातच करायला हवं.

पर्याय ३ : पायाळू नॉर्मल

हा पर्याय बाद नाही, पण त्याच्या अटी कडक आहेत. बाळाचे पाय सगळ्यात खाली नसावेत, वजन फार कमी किंवा ३.८ किलोहून जास्त नसावं, मान मागे ताणलेली नसावी. असं बाळंतपण नियमित करणारे डॉक्टर हजर हवेत आणि ऑपरेशन, भूल, रक्त, नवजात बाळाचा विभाग ही सगळी सोय त्याच इमारतीत, त्याच वेळी हवी. तरीही असा प्रयत्न करणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांपर्यंत स्त्रियांचं शेवटी सिझर होतं, आणि ते घाईत केलेलं असतं.

वणीत राहून निर्णय घेताना

इथं अंतराचा हिशेब महत्त्वाचा ठरतो. वणीत सरकारी रुग्णालय आणि खासगी दवाखाने आहेत. पण जिल्ह्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यवतमाळला, शंभरेक किलोमीटरवर. चंद्रपूर त्यापेक्षा जवळ पडतं, नागपूर लांब. मारेगाव किंवा झरी-जामणीच्या एखाद्या पोडावरून यायचं असेल तर आधी वणी गाठण्यातच वेळ जातो. कोळशाच्या ट्रकांची वर्दळ आणि पावसाळ्यात वर्धा, पैनगंगेचा पूर यांचाही विचार करावा लागतो.

त्यामुळे ज्या बाईचं बाळ ३६ व्या आठवड्यात उलटं आहे, तिने कळा येईपर्यंत गावात थांबू नये. शेवटच्या दिवसांत मोठ्या दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडे राहायला जाणं हा साधा पण जीव वाचवणारा निर्णय आहे. आदिवासी भागांतल्या काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत यासाठीच 'माहेरघर' आहे. आपल्या भागात ते आहे का, हे आशाताईंना विचारता येतं.

पैशाची भीती असेल तर २०११ पासून सुरू असलेला जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम लक्षात ठेवावा. सरकारी रुग्णालयात सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि दवाखान्यात ने-आण मोफत आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणीही होते.

माहेरी येताना सासरच्या गावातली फाइल, सगळे सोनोग्राफी रिपोर्ट आणि रक्तगटाचा कागद सोबत आणायला विसरू नका. वार कुठे आहे, पाणी किती होतं, हे नव्या डॉक्टरांना त्यातूनच कळतं.

डॉक्टरांना हे विचारा

- बाळ तीनपैकी कोणत्या प्रकारात आहे? वजन आणि पाणी किती आहे?
- बाहेरून फिरवण्याचा प्रयत्न माझ्या बाबतीत करता येईल का? इथं होत नसेल तर कुठे होतो?
- सिझर करायचं तर कोणत्या आठवड्यात? रक्ताची आणि बाळाच्या डॉक्टरांची सोय आहे का?
- तारखेआधीच कळा आल्या तर कुठे जायचं?

शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत, आणि रात्री दोन वाजता त्याचंच उत्तर लागतं.

अचानक पाणी फुटलं तर

कळांची वाट न बघता लगेच १०८ ला फोन करावा आणि दवाखान्याला कळवावं. नाळ बाहेर दिसली तर ती आत ढकलू नये. आईने गुडघे आणि छाती टेकून, कंबर वर ठेवून राहावं. वाटेतच बाळाचे पाय दिसू लागले तर ते ओढू नयेत. ओढल्याने हात आणि डोकं अडकण्याची शक्यता वाढते.

बाळ सुखरूप झाल्यावरही एक काम राहतं. शेवटपर्यंत पोटात उलट्या राहिलेल्या बाळांमध्ये खुब्याचा सांधा सैल असण्याचं प्रमाण जास्त असतं, मग जन्म सिझरने झालेला असला तरी. त्यामुळे जन्मानंतर खुब्याची तपासणी आणि साधारण सहा आठवड्यांनी सोनोग्राफी करून घ्यावी. वेळेत कळलं तर पट्ट्यांनी बरं होतं. उशिरा कळलं तर ऑपरेशनची वेळ येऊ शकते.

आणि या सगळ्यात सही बाईच्या पोटावर होणाऱ्या शस्त्रक्रियेसाठी असते. घरातल्या सगळ्यांनी मत द्यावं, पण डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत ती बसलेली असावी आणि शेवटचं उत्तर तिचं असावं.