फुप्फुसाची गाळणी आणि मेंदूतले गळू

मी मेंदूचा डॉक्टर. काही वर्षांपूर्वी एक तरुण माझ्याकडे दाखल झाला. आठ दिवस डोके दुखत होते, मग आकडी आली, डावा हात लुळा पडला. मेंदूत गळू होते. शस्त्रक्रियेने पू काढला, सहा आठवडे शिरेतून प्रतिजैविके दिली आणि तो चालत घरी गेला. पण पू तेथे आला कोठून? कान, सायनस, हृदय ठीक होते. तेवढ्यावर मी थांबलो. वर्षभराने तो नवे गळू घेऊन आला. या वेळी त्याची आई सहज म्हणाली, ‘‘डॉक्टर, याचा घोळणा सारखा फुटतो हो, अगदी याच्या वडिलांसारखा.’’

मी पाहिले, तर ओठांवर, जिभेवर टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके. ते पहिल्या खेपेलाही असणारच! छातीचा सीटी स्कॅन केला आणि उलगडा झाला.

हृदयाकडून फुप्फुसात आलेले रक्त केसाहूनही बारीक वाहिन्यांतून जाते. तेथे त्याला प्राणवायू मिळतो, हे आपण शाळेत शिकतो. पण या केशवाहिन्या गाळणीचेही काम करतात. दाढ काढताना, अगदी दात घासतानाही तोंडातले थोडे जंतू रक्तात शिरतात. ते, आणि बारीक गुठळ्या, येथे अडवले जातात. काहींच्या फुप्फुसात मात्र रोहिणी थेट नीलेला जोडलेली असते, मध्ये केशवाहिन्याच नसतात. म्हणजे गाळणीलाच भोक. तेथून निसटलेले जंतू मेंदूत पोचले तर गळू होते, गुठळी पोचली तर पक्षाघात.

हा दोष बहुतेकदा एका आनुवंशिक विकारात आढळतो. विल्यम ऑस्लर यांनी १९०१ मध्ये अशा घोळणा फुटणाऱ्या कुटुंबांविषयी लिहिले होते. आईवडिलांपैकी एकाला तो असला, तर प्रत्येक मुलाला होण्याची शक्यता निम्मी. उन्हाळ्यात एखादवेळी घोळणा फुटणाऱ्यांनी घाबरू नये. तो नेहमीचाच अनुभव आहे. पण सारखा फुटत असेल, अंगावर असे ठिपके असतील, घरात आणखी कुणाला तोच त्रास असेल, तर डॉक्टरांना हे तिन्ही एकत्र सांगावे.

उपाय आहे. मांडीच्या शिरेतून नळी फुप्फुसापर्यंत नेऊन ती वाहिनी धातूच्या कॉइलने बुजवतात. छाती उघडावी लागत नाही. पुढेही दातांच्या कामाआधी प्रतिजैविक घ्यावे लागते.

त्याच्या धाकट्या बहिणीलाही आम्ही तपासले. तिला कसलाच त्रास नव्हता, पण फुप्फुसात तोच दोष निघाला. तिची वाहिनी वेळेत बुजवली.