धूर कोणाच्या खात्यावर?

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २००६ मध्ये ‘असेम्ब्ली बिल ३२’ या नावाने ओळखला जाणारा कायदा करून हरितगृह वायूंचे, म्हणजे पृथ्वीवरून परत जाणारी उष्णता वातावरणात अडकवणाऱ्या कार्बन डायऑक्साइड, मिथेन आदी वायूंचे, उत्सर्जन २०२० पर्यंत १९९०च्या पातळीवर आणण्याचे बंधन स्वतःवर घालून घेतले. डेमोक्रॅटिक बहुमताच्या विधिमंडळाने संमत केलेल्या या कायद्यावर रिपब्लिकन गव्हर्नर अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी सही केली, हेही आजच्या अमेरिकी राजकारणाकडे पाहता नवलाचेच.

अशा कायद्यांची चर्चा उद्दिष्टाच्या सालाभोवती फिरते. त्यांचा कस मात्र व्याख्यांच्या कलमांत लागतो. युटा राज्यातील कोळशाच्या केंद्रात तयार होऊन लॉस एंजेलिसमध्ये वापरल्या जाणाऱ्या विजेचा धूर या कायद्याने कॅलिफोर्नियाच्याच खात्यावर मांडला, त्यामुळे धुराडी सीमेपलीकडे ठेवून हात झटकण्याची सोय उरली नाही. १९९०चा आकडा हवा संसाधन मंडळाने आधी ४२.७ कोटी टन ठरवला होता. मिथेनसारख्या वायूंच्या तापवण्याच्या क्षमतेचे गुणांक शास्त्रज्ञांनी सुधारल्यावर, २०१४ मध्ये, तो ४३.१ कोटी झाला. एकही धुराडे न हलता लक्ष्य सरकले.

उत्सर्जनावर एकूण मर्यादा घालून तिच्या आत परवान्यांची खरेदी-विक्री करू देणारी बाजारव्यवस्था २०१३ पासून लागू झाली. तत्पूर्वी, २०१० मध्ये, बेरोजगारी घटेपर्यंत कायदा स्थगित ठेवण्याचा प्रस्ताव तेल कंपन्यांच्या पैशाच्या बळावर जनमताला टाकण्यात आला होता, तो मतदारांनी फेटाळला. उद्दिष्ट २०१६ मध्येच, चार वर्षे आधी, गाठले गेले. परंतु ही घट मुख्यतः विजेच्या क्षेत्रातली होती, आणि राज्याच्या उत्सर्जनात सर्वांत मोठा वाटा असलेल्या वाहतुकीचा धूर त्याच वर्षी वाढला होता.

त्याच २०१६ सालच्या कायद्याने २०३० पर्यंत १९९०च्या तुलनेत ४० टक्के, तर २०२२च्या कायद्याने २०४५ पर्यंत ८५ टक्के घट बंधनकारक केली. उरलेला भाग माती, झाडे वा यंत्रे यांच्याकरवी शोषून घेऊन बेरीज शून्यावर आणायची आहे. हीच झाडे वणव्यात पेटली, तर तो धूर मात्र या हिशेबात धरला जात नाही. त्याची नोंद वेगळी ठेवली जाते.