पाच रुपयांची हाइक आणि रामही तोच, सीताही तीच!

महिन्याला पाच रुपये जास्त मिळाले तर तुम्ही जॉब स्विच कराल? हसू नका. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी अण्णा साळुंकेंनी केला होता.

मुंबईत ग्रँट रोडवरच्या एका हॉटेलात ते काम करायचे. पगार दहा रुपये. दादासाहेब फाळक्यांनी पंधरा देऊ केले, असं सांगतात. म्हणजे चक्क पन्नास टक्के हाइक! जॉब प्रोफाइल मात्र जरा हटके होतं. लुगडं नेसायचं आणि राणी तारामती व्हायचं.

फाळक्यांचाही नाइलाज होता. 'राजा हरिश्चंद्र'साठी बाई मिळेना. जाहिराती देऊन झाल्या, कोठ्यांवर विचारून झालं, तिथूनही नकार! सिनेमात काम म्हणजे अब्रूचा प्रश्न. मग हॉटेलात फाळक्यांची नजर गेली ती अण्णांच्या सडपातळ अंगाकडे आणि नाजूक हातांकडे. (आचाऱ्याचे हात नाजूक? असतील बुवा.) ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये सिनेमा लागला. दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र झाले होते, आणि भारताच्या पहिल्या हिरॉइनच्या जागी होते आपले अण्णा.

त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. म्हणजे बायका यायला लागल्या. आता अण्णांची गरज संपली, असं कुणालाही वाटलं असतं. पण १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये फाळक्यांनी त्यांना सीताही केलं आणि रामही! भारतीय सिनेमातला पहिला डबल रोल म्हणून तो आजही सांगितला जातो. कथेत दोघांची ताटातूट झालेली, हे सोयीचंच पडलं म्हणा. राम पडद्यावर आला की लोक चपला काढून बसायचे, असं सांगतात. तोच माणूस पुढच्या सीनमध्ये पदर घेऊन रडतोय, याचं कुणाला काही वाटत नसे.

आपल्याला खरं इम्प्रेस करतं ते यापुढचं. अण्णा पदराला चिकटून बसले नाहीत. ते कॅमेरा शिकले आणि १९२० च्या दशकात छायाचित्रणही करू लागले. कुठला कोर्स नाही, डिग्री नाही. सगळं सेटवरच, काम करता करता.

'लंकादहन'चे थोडेच तुकडे आज उरलेत. कधी बघायला मिळाले तर सीतेचे दंड नीट बघा. चांगलेच कमावलेले आहेत.